‘जपून क्लिक करा’ हा सल्ला पुरे झाला

घरच्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘नको तिथे क्लिक कशाला केलंस?’ पोलिसांच्या जनजागृतीच्या फलकांवर, बँकांच्या मेसेजमध्ये, वर्तमानपत्रांच्या सायबर सदरांत आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपदेशही एकच असतो. अनोळखी लिंक उघडू नका, मोहात पडू नका, जपून क्लिक करा. जो सावध तो सुरक्षित आणि जो फसला तो गाफील, असा हा हिशेब. त्याच घरातल्या ब्राउझरमध्ये जाहिराती आणि परक्या स्क्रिप्ट अडवणारं एखादं एक्स्टेन्शन बसवा, असं कुणी सुचवलं की मात्र उपदेश करणाऱ्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात. एक जण म्हणतो, ॲड-ब्लॉकर हे फुकट्यांचं साधन आहे. दुसरा म्हणतो, बातम्या फुकट वाचायच्या आणि जाहिरातही बघायची नाही, हे वेबसाइटवाल्यांच्या पोटावर पाय देणं आहे. तिसऱ्याच्या मते हे कॉम्प्युटरवाल्यांचे चोचले आहेत. घरात अँटिव्हायरस आहे, ब्राउझर स्वतःच धोक्याच्या साइट अडवतो, कंपन्या जाहिराती तपासून घेतात, मग हे आणखी एक लचांड कशाला? ही मतं शिकलेली माणसं पूर्ण आत्मविश्वासाने मांडतात. मला ती चुकीची वाटतात, आणि ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज आहे त्यांचंच या मतांमुळे रोज नुकसान होतं.

वेबपानावरची जाहिरात येते कुठून, हे आधी पाहायला हवं, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. छापील वर्तमानपत्रातली जाहिरात कुणीतरी कार्यालयात आणून दिलेली असते, तिचे पैसे भरलेले असतात, जाहिरात विभागाने ती पाहिलेली असते आणि एकदा छापल्यावर ती बदलत नाही. वेबपानावर सहसा यातलं काहीच घडत नाही. तुम्ही बातमी उघडता त्याच क्षणी पानावरची मोकळी जागा लिलावात निघते. तुम्ही कुठल्या शहरात आहात, उपकरण कोणतं, ब्राउझर कोणता, आधी काय पाहत होता याचे अंदाज, अशी माहिती बोली लावणाऱ्यांकडे जाते आणि पापणी लवण्याआधी जास्त बोलीची जाहिरात पानावर येते. ती बहुधा त्या वेबसाइटच्या सर्व्हरवरून येत नाही. मधल्या तीन-चार कंपन्यांच्या हातांतून भलत्याच सर्व्हरवरून येते आणि चित्रासोबत स्क्रिप्टही, म्हणजे तुमच्या ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅमही, घेऊन येते. संपादकाने ती पाहिलेली नसते. शेजारच्या घरात तेच पान उघडलं तर तिथे दुसरीच जाहिरात दिसते. अमेरिकी सिनेटच्या तपास उपसमितीने मे २०१४ मध्ये या व्यवहारावर अहवाल दिला. त्यात चटपटीत बातम्या देणाऱ्या एका लोकप्रिय साइटचं उदाहरण आहे: तिचं पान उघडल्यावर वाचकाच्या ब्राउझरचा आणखी ३५२ सर्व्हरशी संपर्क झाला. वाचकाने निवडलेली साइट मात्र एकच होती. ब्लॉकर नेमका इथे आडवा येतो. जाहिरातींच्या आणि मालवेअरच्या पत्त्यांच्या याद्या त्याच्याकडे असतात, आणि यादीतल्या पत्त्याकडे विनंती जायच्या आतच तो ती थांबवतो. जो कोड कॉम्प्युटरवर आलाच नाही त्याची तपासणी करावी लागत नाही, आणि त्याला ओळखायची जबाबदारी कुणा आजीवर किंवा शाळकरी मुलावर पडत नाही.

‘चांगल्या साइटवर जा, काही होत नाही,’ हा या उपदेशातला सर्वांत जुना समज आहे आणि तो कधीच खोटा ठरला आहे. सप्टेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या वाचकांना ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा पॉप-अप दिसू लागला आणि त्यातून बनावट अँटिव्हायरस खपवला जात होता. जाहिरात घेणाऱ्यांनी आपण इंटरनेट फोनची सेवा देणारी व्होनेज ही कंपनी असल्याचं भासवलं होतं. व्होनेजची जाहिरात वर्तमानपत्राने आधी केलेली होती, म्हणून ही जाहिरात त्रयस्थ सर्व्हरवरून यायला परवानगी मिळाली. सुरुवातीला ती साधीच होती, मग एका शनिवार-रविवारी बदलली. मार्च २०१६ मध्ये पुन्हा न्यूयॉर्क टाइम्स, बीबीसी, एओएल, अमेरिकी फुटबॉल लीग अशा नामांकित साइटवरच्या जाहिरातींमधून अँग्लर नावाचं हल्ल्याचं हत्यार वाचकांपर्यंत पोहोचलं आणि त्यामागून फाइली ओलीस धरणारं रॅन्समवेअर. त्याच वर्षी डिसेंबरात ईसेट या सुरक्षा कंपनीने उघड केलेला प्रकार तर बारकाईने पाहण्यासारखा आहे. बातम्यांच्या मोठ्या साइटवर ‘ब्राउझर डिफेन्स’ आणि ‘ब्रोक्सू’ अशा नावांच्या उत्पादनांच्या साध्या पट्ट्या दिसत होत्या. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला रंगासोबत पारदर्शकतेचा एक आकडा असतो. त्या आकड्यांत किंचित फेरफार करून हल्लेखोरांनी तिथे स्क्रिप्ट लपवली होती. चित्र डोळ्यांना जेमतेम फिकट दिसायचं. ही स्क्रिप्ट आधी चाचपायची की आपल्याला कुणी तपासनीस तर बघत नाही ना. तशी शंका आली तर निर्दोष चित्र दाखवायची, नाहीतर जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमधल्या आणि फ्लॅशमधल्या त्रुटींतून आत शिरायची. यात वाचकाने कुठेही क्लिक केलेलं नव्हतं. त्याने फक्त बातमी वाचली होती. त्याने कोणती सावधगिरी बाळगायला हवी होती?

यावर उत्तर येतं की ते दिवस गेले. फ्लॅश २०२०च्या अखेरीस बंद झालं, इंटरनेट एक्सप्लोरर २०२२ मध्ये निवृत्त झाला, ब्राउझर आपोआप अपडेट होतात. हे खरं आहे, आणि नुसतं पान उघडून संसर्ग होण्याचे प्रकार त्यामुळे कमीही झाले. पण चोरांनी धंदा सोडला नाही. ब्राउझरची त्रुटी शोधणं महाग पडू लागलं तसे ते माणसाकडे वळले, आणि माणसापर्यंत पोहोचायला त्यांनी निवडलेला रस्ता पुन्हा जाहिरातीचाच आहे. २०२३च्या सुरुवातीला व्हीएलसी, ओबीएस, सेव्हन-झिप, नोटपॅड प्लस प्लस अशा रोजच्या मोफत सॉफ्टवेअरची नावं गूगलवर शोधणाऱ्यांना निकालांच्या डोक्यावर बनावट डाउनलोड पानांच्या जाहिराती दिसत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात किपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाने आलेली जाहिरात मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने उजेडात आणली. जाहिरातीत दिसणारा पत्ता किपासचा खरा पत्ता होता, आणि जाहिरातदाराची ओळख गूगलने पडताळलेली होती. क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यातही अक्षरं तीच होती, फक्त पहिल्या अक्षराच्या पायाशी एक बारीक शेपटी होती, लॅटव्हियन लिपीत असते तशी. पासवर्ड व्यवस्थित सांभाळायचे म्हणून चांगलं साधन शोधायला निघालेला, म्हणजे सगळ्यांत सावध असलेला माणूस इथे फसवला जात होता. ‘पत्ता नीट वाचा’ हा सल्ला त्याने पाळला असता तरी त्याला वाचवणार कसा होता? ब्लॉकर असता तर शोधनिकालांवरची ती जाहिरात त्याला दिसलीच नसती, आणि खाली किपासचा खरा निकाल होता.

आता सध्याचा सर्वांत पसरलेला प्रकार पाहा. सिनेमा, सामना किंवा एखादी पीडीएफ शोधताना एक पान उघडतं आणि त्यावर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असा ओळखीचा चौकोन असतो. बरोबरची खूण करण्याची सवय आपल्याला बँकांनी, रेल्वेने आणि सरकारी पोर्टलांनीच लावलेली आहे, तेव्हा माणूस खूण करतो. त्या क्षणी पानावरची स्क्रिप्ट एक आज्ञा कॉम्प्युटरच्या क्लिपबोर्डवर गुपचूप कॉपी करून ठेवते. मग पान तीन पायऱ्या सांगतं: विंडोजचं बटण आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. त्या तीन पायऱ्यांनी माणूस स्वतःच्या हाताने लुम्मासारखा माहितीचोर प्रोग्रॅम आत घेतो. डिसेंबर २०२४ मध्ये गार्डिओ लॅब्ज या सुरक्षा कंपनीने असल्याच बनावट चौकोनांची एक मोहीम उघड केली. ती ३,००० हून अधिक साइटवरून एकाच जाहिरात जाळ्यातून चालत होती आणि दिवसाला दहा लाखांहून जास्त वेळा दाखवली जात होती. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये आणखी एक मोहीम जाहीर केली. बेकायदा चित्रपट दाखवणाऱ्या साइटवरच्या जाहिरातींपासून तिची सुरुवात होत होती आणि जगभरातली सुमारे दहा लाख उपकरणं तिच्या तडाख्यात सापडली होती. चोरीचा सिनेमा बघणाऱ्यांचं असंच व्हायला पाहिजे, असं काही जण म्हणतील. त्याच कॉम्प्युटरवर घरातली मुलगी परीक्षेचा फॉर्म भरते आणि आजोबा पेन्शनचं खातं बघतात. त्यांनी काय गुन्हा केला?

‘अँटिव्हायरस आहे ना’ म्हणणाऱ्यांनी या चोरीचा वेग लक्षात घ्यावा. माहितीचोर प्रोग्रॅमला कॉम्प्युटरमध्ये मुक्काम करायचा नसतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉग-इनच्या कुकी उचलायला त्याला काही मिनिटं पुरतात. कुकी हाती लागली की अनेक सेवांमध्ये पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही येत नाही, कारण त्या सेवेच्या दृष्टीने तुम्ही आधीच आत आलेला असता. अँटिव्हायरसने तासाभराने लाल खिडकी दाखवली तोवर जायचं ते गेलेलं असतं. चोरांना हेही ठाऊक असतं की फाइल भरताड घालून अवाढव्य केली किंवा पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये दिली की बरीच तपासणी चुकते. ब्राउझरच्या अंगभूत इशाऱ्याचीही मर्यादा आहे. तो धोक्याच्या माहीत असलेल्या पत्त्यांवर चालतो, आणि मार्च २०२४ मध्ये खुद्द गूगलने सांगितलं होतं की घातक साइट सरासरी दहा मिनिटांपेक्षाही कमी वेळ जिवंत असते. त्यावर त्यांनी पत्ते तत्क्षणी पडताळण्याची सोय केली, ती चांगलीच आहे. पण सकाळी जन्मून दुपारी मरणाऱ्या हजार पत्त्यांमागे धावण्यापेक्षा, त्या पत्त्यांकडे माणसं आणून सोडणारी जी थोडी जाहिरात जाळी महिनोन् महिने त्याच जागी असतात ती तोडणं जास्त परिणामकारक नाही का? अँटिव्हायरस काढून टाका, असं मी म्हणत नाही. तो शेवटचा पहारा आहे आणि आपण त्याच्या जिवावर पुढची सगळी दारं सताड उघडी ठेवली आहेत.

कंपन्या जाहिराती तपासतात, या युक्तिवादाचं खंडन कंपन्यांच्या आकड्यांनीच होतं. २०२४ या एका वर्षात गूगलने ५१० कोटी जाहिराती अडवल्याचं आणि ३ कोटी ९२ लाख जाहिरातदारांची खाती निलंबित केल्याचं जाहीर केलं. हा आकडा कर्तबगारीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यातून वेगळंच दिसतं: वर्षाला जवळपास चार कोटी खोटे जाहिरातदार ज्या दारातून आत येऊ पाहतात, त्या दारावरचा पहारा शंभरातल्या नव्व्याण्णवांना ओळखत असला तरी उरलेले किती होतील? मेटाबद्दल तर रॉयटर्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून लिहिलं की २०२४च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १,६०० कोटी डॉलर, फसवणुकीच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येतील असा कंपनीचा स्वतःचाच अंदाज होता. आणि जाहिरातदार लबाड असल्याची ९५ टक्के खात्री पटल्याशिवाय त्याला बंदी घातली जात नव्हती. तो अंदाज ढोबळ आणि फुगलेला होता, असं मेटाचं म्हणणं आहे. समजा तो निम्मा धरला, तरी जाहिरात दाखवण्याचे पैसे ज्याला मिळतात त्यालाच तिचा एकमेव तपासनीस नेमणं शहाणपणाचं ठरतं का? जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरला स्वतः जाहीरपणे सांगावं लागलं की एका गेमिंग ॲपची भलामण करणारा त्याचा व्हिडिओ बनावट आहे, आणि असे व्हिडिओ, जाहिराती, ॲप दिसले तर लोकांनी तक्रार करावी असं आवाहनही करावं लागलं. मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ज्याचा चेहरा महाराष्ट्रातलं लहान मूलही ओळखतं त्याची ही गत, तर कुठल्या तरी बँकेच्या कस्टमर केअरचा बनावट नंबर वेळेत पकडला जाईल, या भरवशावर आपण घरच्या वडीलधाऱ्यांना सोडायचं?

आता पोटावर पाय देण्याचा आरोप. तो मी हलका समजत नाही, कारण वेबसाइट चालवायला पैसे लागतात आणि मराठीत लिहिणाऱ्या छोट्या साइटना ते जास्तच जड जातात. पण आरोप करणाऱ्यांनी दोन पारड्यांत काय आहे ते पाहावं. भारतीय वाचकाच्या एका भेटीतून साइटला जाहिरातीचे जे मिळतात ते काही पैशांच्या घरात असतात. दुसऱ्या पारड्यात त्या वाचकाचे सगळे पासवर्ड असतात. आणि वाचकाने ब्लॉकर काढावा म्हणून ज्यांनी जोर लावला त्यांचा स्वतःचा इतिहास काय आहे? सप्टेंबर २०१५ मध्ये फोर्ब्जच्या साइटवरच्या जाहिराती वाचकांना मालवेअरकडे नेत असल्याचं फायरआय या सुरक्षा कंपनीने नोंदवलं होतं, आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी फोर्ब्जने ब्लॉकर वापरणाऱ्या वाचकांना तो बंद केल्याशिवाय लेख वाचू न देण्याचा प्रयोग सुरू केला. ब्लॉकरमुळे होणारं नुकसान वेबसाइटना मोजून देणाऱ्या पेजफेअर या कंपनीत ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी हल्लेखोर घुसले, आणि तिची स्क्रिप्ट ज्या साइटवर होती तिथल्या वाचकांना ८३ मिनिटं फ्लॅशचं बनावट अपडेट दिलं गेलं. तेव्हा वाचकांना बिनसंरक्षण व्हायला सांगणाऱ्यांनी संरक्षणाची कोणती हमी दिली होती? राहिला चोरीचा शब्द. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये ॲक्सेल स्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेचं म्हणणं फेटाळून ॲड-ब्लॉकर पुरवणं बेकायदा स्पर्धा नाही असा निर्वाळा दिला. कॉपीराइटच्या वेगळ्या मुद्द्यावर तिथे २०२५ मध्ये प्रकरण पुन्हा खालच्या न्यायालयात गेलं आहे, ते चालू राहील. पण माझ्या पैशाने घेतलेल्या कॉम्प्युटरवर कुणाचा प्रोग्रॅम चालू द्यायचा हे ठरवण्याला चोरी म्हणणं मला कोणत्याही न्यायालयाआधी साध्या बुद्धीला पटत नाही. जी साइट आवडते तिची वर्गणी भरा. जिच्यावर विश्वास आहे तिच्यापुरता ब्लॉकर एका बटणाने बंद करता येतो, तोही करा. फक्त तो निर्णय घरमालकाचा असू द्या.

विरोधकांचा एकच मुद्दा मला खरा वजनदार वाटतो: ब्लॉकर हेही एक एक्स्टेन्शनच आहे, त्याला प्रत्येक पान वाचण्याची आणि बदलण्याची मुभा मिळते, आणि ते लबाड निघालं तर? असं घडलेलं आहे. एप्रिल २०१८ मध्ये क्रोमच्या दुकानात ॲड-ब्लॉकरच्या वेशातली पाच बनावट एक्स्टेन्शन सापडली आणि ती बसवणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या वर होती. ऑक्टोबर २०२० मध्ये नॅनो ॲडब्लॉकर नवीन मालकांच्या हाती गेला आणि काही दिवसांत वापरणाऱ्यांची माहिती बाहेर पाठवू लागला. पण यातून निघणारा निष्कर्ष ब्लॉकर नीट पारखून घ्यावा, इतकाच आहे. बनावट औषधं विकली जातात म्हणून औषध घेऊ नका, असं आपण सांगत नाही. ज्याचा कोड खुला आहे, ज्यावर वर्षानुवर्षं जाणकारांची नजर आहे, असा ब्लॉकर निवडायचा. नावाशी मिळतंजुळतं भलतंच काही घ्यायचं नाही. रेमंड हिल यांचा युब्लॉक ओरिजिन २०१४ पासून असा आहे. तो फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, हिल देणग्याही स्वीकारत नाहीत, आणि मालवेअर पसरवणाऱ्या पत्त्यांची यादी त्यात आधीपासूनच चालू असते. ‘युब्लॉक’ या नुसत्या नावाने असलेलं एक्स्टेन्शन वेगळ्या मालकांचं आहे, एवढं लक्षात ठेवावं. क्रोमवर मात्र २०२५च्या मध्यापासून हा पूर्ण ब्लॉकर चालत नाही. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि जालातली विनंती थांबवून तपासण्याची जुनी ताकद काढून घेतली. कारण सुरक्षेचं आणि वेगाचं दिलं. ज्या कंपनीचं सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येतं तिने हा निर्णय घेतला, तेव्हा आपल्या घरच्या सुरक्षेचा विचार आपणच केलेला बरा. क्रोममध्ये याच ब्लॉकरची ‘लाइट’ आवृत्ती मिळते आणि काहीच नसण्यापेक्षा ती कितीतरी चांगली आहे. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येसुद्धा. आयफोनच्या सफारीला २०१५ पासून ब्लॉकर लावता येतात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच बसत नाहीत, आणि आपल्याकडची बहुतांश माणसं इंटरनेट त्यावरूनच वापरतात. त्यांच्यासाठी अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये असलेली प्रायव्हेट डीएनएसची सोय आहे: तिथे जाहिराती आणि मालवेअर गाळणाऱ्या सेवेचा पत्ता एकदा भरला की झालं. ॲपच्या पोटातल्या सगळ्या जाहिराती यातून थांबत नाहीत, व्हॉट्सॲपवरून आलेली बनावट एपीके फाइल ब्लॉकर अडवत नाही आणि पोलिसांच्या गणवेशातला व्हिडिओ कॉलही अडवत नाही. तसा दावा कुणी करू नये.

हे कॉम्प्युटरवाल्यांचे चोचले असते तर अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी ते केले नसते. तिथल्या एनएसएने २०१८ मध्ये अनावश्यक जाहिराती अडवण्याचा लेखी सल्ला दिला. जानेवारी २०२१ मध्ये सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने सरकारी खात्यांना ब्लॉकरचा विचार करायला सांगितलं. त्याच वर्षी सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रातून हे पुढे आलं की एनएसए आणि सीआयए आपल्या जाळ्यांवर जाहिराती अडवतातच. आणि २१ डिसेंबर २०२२ रोजी एफबीआयने शोधनिकालांतल्या बनावट जाहिरातींबद्दल सामान्य नागरिकांना इशारा देताना सरळ सांगितलं: इंटरनेटवर शोध घेताना जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन वापरा. आपल्या सरकारला हे तत्त्व अमान्य आहे असंही नाही. सीईआरटी-इनच्या सायबर स्वच्छता केंद्रात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘ब्राउझर जेएसगार्ड’ नावाचं एक्स्टेन्शन मोफत ठेवलेलं आहे, आणि त्याचं काम घातक स्क्रिप्ट ओळखण्याचं आहे. म्हणजे ब्राउझरमध्येच धोका थांबवला पाहिजे हे मान्य झालेलं आहे. मग हे बँकेच्या मेसेजमध्ये का नाही? १९३० या मदत क्रमांकाच्या फलकावर ‘जपून क्लिक करा’च्या शेजारी एक ओळ ब्लॉकरची का नाही? लॅपटॉप विकणारा दुकानदार अँटिव्हायरसची वर्षाची वर्गणी गळ्यात मारतो, तो हे दोन मिनिटांचं फुकटचं काम करून का देत नाही? ज्या यंत्रणांकडे कुशल माणसांची फौज आहे त्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या सावधगिरीवर विसंबत नाहीत. सातबारा बघायला, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधायला किंवा नातवाचा निकाल पाहायला बसलेल्या माणसाकडून मात्र आपण ती अपेक्षा ठेवतो आणि तो चुकला की त्यालाच बोल लावतो. हा अन्याय आहे, आणि तो सल्ल्याच्या भाषेत होत असल्यामुळे अन्याय वाटत नाही.

शेवटचा आक्षेप येतो: उद्या सगळ्यांनीच ब्लॉकर लावला तर वेब चालेल कसं? चालेल, पण जाहिरातीच्या धंद्याला बदलावं लागेल. जाहिरात कुणाची आहे हे साइटला माहीत असावं लागेल, ती साइटच्या स्वतःच्या सर्व्हरवरून यावी लागेल, तिच्यात परका प्रोग्रॅम असता कामा नये. यातलं काहीही अशक्य नाही. नुसतं महाग आहे, आणि तो खर्च वाचवल्याची किंमत आज घरोघरची माणसं भरत आहेत. म्हणून वाचकाला ब्लॉकर काढायला सांगणाऱ्या प्रत्येक साइटने आधी आपल्याच अटींचं पान उघडून पाहावं. त्रयस्थांच्या जाहिरातींना आम्ही जबाबदार नाही, असं वाक्य तिथे बहुधा सापडेल. ते वाक्य काढावं आणि त्या जागी लिहून द्यावं की आमच्या पानावरच्या जाहिरातीतून मालवेअर आलं आणि तुमचं खातं रिकामं झालं तर भरपाई आम्ही देऊ. असं लिहून देणाऱ्या साइटवर ब्लॉकर बंद करा, असं मी स्वतः लोकांना सांगेन.